आमरसाचा डाग

माझ्या घरमालकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. गाव नाही, जात नाही, लग्नाचं तर नाहीच. त्या दिवशी शहापुरात खोली शोधत मी चार घरं पालथी घातली होती. चारही ठिकाणी हे सगळं सविस्तर विचारून झाल्यावर खोली कालच गेली असं सांगून मला वाटेला लावलं होतं. पाचव्या घराच्या ओट्यावर एक आडदांड म्हातारा गृहस्थ बसला होता. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. माझ्या ओढणीच्या टोकाला लेस होती, तिच्याकडे बोट करून तो म्हणाला, "हा कुठला?"

तिथे चहाचा डाग होता. सकाळी एसटी स्टँडवर कुणाचा तरी धक्का लागून सांडलेला. मी तसं सांगितलं. मग माझी जबानीच सुरू झाली. किती वाजता सांडला, दूध किती होतं, वरून पाणी लावलं का, लावलं तर घासलं का. घासलं म्हटल्यावर त्यांनी असा चेहरा केला की मी जणू त्यांच्या नातवाला चिमटा काढला. शेवटी आत तोंड करून म्हणाले, "अगो, हिला वरची खोली दाखव. खरं बोलते पोरगी."

काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या. गळ्यात तुळशीची माळ, हातात क्रोशाची सुई. त्यांची अट एकच होती. घरात मांसमच्छी नाही आणि अंडंसुद्धा नाही. मी सांगलीकडची. आमच्याकडे अंड्याला कुणी मांसाहारात धरतच नाही, ते आपलं भाजी नसली की करायचं. पण पाय इतके दुखत होते की त्या वेळी काकींनी मीठ खायचं नाही असं सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. शेणव्याच्या शाळेत माझी बदली झाली होती आणि दोन दिवसांत हजर व्हायचं होतं.

तर काका. अख्खा बाजार त्यांना 'डागवाले काका' म्हणत असे. तीस वर्षं डेपोत मेकॅनिक होते. रोज अंगावर ग्रीस घेऊन घरी यायचे आणि काकी क्रोशाच्या पांढऱ्याशुभ्र लेसा विणत बसलेल्या असायच्या. नवीन लग्न झालेलं, घर दोन खोल्यांचं, तेव्हा व्हायचं ते झालं. काकींच्या पहिल्याच रुमालावर काकांचा अंगठा उमटला. काकी आठ दिवस बोलल्या नाहीत म्हणे. त्या आठ दिवसांत काकांनी ग्रीस कसं काढायचं ते शोधून काढलं, आणि तेव्हापासून त्यांना जे वेड लागलं ते कायमचं. निवृत्त झाल्यावर तर काय, मोकळं रानच मिळालं.

हात म्हणजे नुसते पाने. पान्याने नट आवळायचे तसले पाने. बोटं इतकी जाड की त्यांना फोनवर नंबर लावता यायचा नाही, एकाच वेळी तीन आकडे दाबले जायचे. पण लेस हातात आली की तीच बोटं कशी काय बारीक होत कुणास ठाऊक. लेस नेहमी उलटी टाकायची. खाली पांढरं सुती फडकं. डागाच्या कडेकडून आत यायचं, आतून बाहेर कधीच जायचं नाही. आणि घासायचं नाही, थोपटायचं. जुन्या हत्यारांच्या पेटीत रिठे, लिंबं, जाडं मीठ, खडूची भुकटी, ग्लिसरीनची बाटली आणि मऊ पडलेले टूथब्रश असत. एकदा मी हौसेने बाजारातून डाग काढायची झगझगीत बाटली आणून दिली. काकांनी ती हुंगली, टोपण लावलं आणि मोरीत फरशी धुवायला ठेवून दिली.

मोबदला म्हणून काही घेत नसत. त्यांना हवी असायची डागाची हकीकत, तीही खरी. डाग घेऊन आलेल्याला ते ओट्यावर बसवत आणि सगळं पहिल्यापासून विचारत. लपवाछपवी केली की कपडा परत. "डागाला खोटं चालत नाय," हे त्यांचं वाक्य. त्यात तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं हो, सरळ कारागिरी होती. लोखंडाच्या गंजाला लिंबू-मीठ लागतं, तेलाला खडू लागतो, रक्ताला थंड पाणी लागतं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर डाग जन्माचा बसतो. पण त्यामुळे झालं असं, की शहापुरातल्या भल्याभल्या माणसांना काकांच्या ओट्यावर खरं बोलावं लागलं. वाशिंदच्या एका बाईंनी लेसच्या पडद्यावरचा डाग औषधाचा म्हणून आणला आणि पाचव्या मिनिटाला कबूल केलं की डाएट चालू असताना पडद्याआड उभं राहून गुलाबजाम खाल्ला. पाकाचा डाग होता. काकांनी काढून दिला, वर सांगितलं की जाडी तू नाहीसच, बसून खात जा.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. मी तीन वर्षं त्यांच्या घरात राहिले, पण मी शेवटपर्यंत 'चहावाली बाई'. पोस्टमनने एकदा मला विचारलंही की शाळेबरोबर टपरीपण चालवता का. पण डाग मात्र त्यांना सगळे पाठ. दहा-दहा वर्षांपूर्वीचे. भर बाजारात एखाद्याला थांबवून म्हणायचे, तुझ्या बहिणीच्या शालूला डाव्या काठाला, तिसऱ्या कोयरीत वंगण लागलेलं, तोच ना तू? आणि तो तोच असायचा.

लग्नाला जायचे तेही नवरीचा चेहरा बघायला नव्हे. खिशात खडूची पुडी, रुमालात गुंडाळलेला ब्रश. हायवेवरच्या एका हॉलमधली गोष्ट, मी स्वतः हजर होते. नवरी बोहल्यावर निघाली आणि कुणीतरी तिच्या जाळीच्या शेल्यावर पन्ह्याचा ग्लास सांडला. रडारड सुरू. काका गर्दी बाजूला सारत पुढे गेले. गुरुजी घड्याळ दाखवून ओरडायला लागले, तर काका त्यांना म्हणाले, "मुहूर्त दुसरा काढता येतो, डाग बसला तर उठत नाय." पण वेळ खरोखरच नव्हता, म्हणून तोड अशी निघाली की अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि अंतरपाटाच्या अलीकडे काका नवरीच्या खांद्याशी वाकून शेला थोपटत राहिले. शेवटच्या 'सावधान'ला डाग गेला. त्या लग्नाच्या अल्बममध्ये आजही नवरा-नवरीच्या मध्ये एक टक्कल दिसतं.

आता माझी गोष्ट. सांगताना अजून कान तापतात, पण सांगते.

मी अंडी खात होते. पहिला महिना काढला, दुसरा काढला, तिसऱ्या महिन्यात धीर सुटला. शेणव्याहून येताना दोन अंडी घ्यायची, डब्यात रुमालात गुंडाळून वर न्यायची, दार लावून हाफफ्राय करायचं. टरफलं कागदात बांधून पर्समधून दुसऱ्या दिवशी परत शेणव्याला. मुलांना मूल्यशिक्षण शिकवणाऱ्या बाईंच्या पर्समध्ये टरफलं! वास जावा म्हणून मी तीन-तीन अगरबत्त्या लावत असे. त्याचा परिणाम असा झाला, की काकी गल्लीभर माझं कौतुक सांगत सुटल्या. एवढ्या लहान वयात एवढी देवभक्ती आजकाल बघायला मिळत नाही म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण भूक लागली की ते विसरायला व्हायचं.

त्या वर्षी काकींच्या भाचीचं लग्न ठरलं. मुरबाडला, काकींच्या माहेरी. गौरीहर पुजताना नवरी ज्या चौरंगावर अन्नपूर्णा मांडते, त्यावर अंथरायला काकी लेस विणत होत्या. दोन वर्षं विणत होत्या, म्हणजे लग्न ठरायच्या आधीपासून. बारीक दोऱ्याची, नारळाच्या झावळीतून ऊन पडावं इतकी तलम. एकसारखी एक फुलं, त्यांच्या अकरा रांगा. काकींना डाव्या डोळ्याने नीट दिसेनासं झालं होतं. ही शेवटची, यापुढे एवढं बारीक काम माझ्याच्याने होणार नाही, असं त्या स्वतःच म्हणत. लेस पूर्ण झाली तेव्हा त्यांनी ती माझ्याकडे दिली. तुझ्या खोलीत उजेड चांगला आहे, फोटो काढ आणि मुरबाडला पाठव.

एप्रिलचा शेवट, निकालपत्रकं लिहायची राहिलेली, रविवारची सकाळ. काकी बांगड्या आणि अक्षता घेऊन मुरबाडला गेल्या होत्या, संध्याकाळी येणार होत्या. मी टेबलावर लेस पसरली. एका हातात फोन. आणि दुसऱ्या हातात, काय सांगू, पावात घातलेलं हाफफ्राय. गाढवपणाला काही मर्यादा असते, पण ती मला त्या सकाळी सापडली नाही. फोटो काढायला वाकले आणि पिवळा बलक टपकन फुलावर पडला.

मी ओल्या फडक्याने पुसलं, ते पसरलं. नखाने खरवडलं, ते दोऱ्यात शिरलं. अर्धा तास मी त्या फुलाकडे बघत रडले. काकींची शेवटची लेस. तिच्यावर अन्नपूर्णा बसायची होती, आणि मी तिच्यावर अंडं सांडलं होतं. नुसता डाग असता तर एक वेळ ठीक होतं. पण डाग निघाला तरी, कशाचा होता हे कळल्यावर काकी ती लेस गौरीहराला लागू देतील का? आणि मला घरात? मी ठरवलं, खोटं बोलायचं. रंग पिवळा आहे, आंब्याचे दिवस आहेत. आमरस.

काका ओट्यावरच होते. लेस बघून त्यांचा चेहरा उतरला. कधी नव्हे ते त्यांनी दोन वेळा चष्मा पुसला. मग विचारलं, कसला?

मी म्हटलं, आमरसाचा. आंबा कुठला? रायवळ. कुणी दिला? शाळेतल्या शिपायाने. गोड होता का? होता. साखर घातलीस का? नाही. दूध? थोडं. एक खोटं बोललं की त्याची वरातच निघते. काकांनी डाग नाकाशी नेला, मान हलवली आणि म्हणाले, बरं झालं आंब्याचा आहे, आंब्याचा सोपा.

त्यांनी एक खोल वाडगं घेतलं, त्यावर लेसचं ते फूल ताणून दोऱ्याने बांधलं. फळाच्या डागाला उकळतं पाणी लागतं, तेही हातभर उंचीवरून, धार बांधून, असं ते मला समजावून सांगत होते. मी मान डोलावत होते. मग ते आत गेले. गॅस पेटवल्याचा आवाज आला. मी तिथे बसून राहिले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अंड्यावर उकळतं पाणी ओतलं की अंडं शिजतं. हे सांगायला बीएड लागत नाही. ते फूल शिजणार होतं, दोऱ्यासकट, कायमचं. आणि ते शिजवणार होते काका, स्वतःच्या हाताने, बायकोच्या शेवटच्या लेसवर, का तर मी त्यांना आंबा म्हणून सांगितलं.

काका किटली घेऊन आले. फडक्याने धरलेली. वाडग्यावर हात उंच केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, किटली तिरकी केली.

"काका, अंडं आहे ते," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला नाही. धार पडलीच. मी किंचाळून दोन्ही हात वाडग्यावर घातले, आणि माझे हात गारठले. माठातलं पाणी होतं. वर चिमूटभर मीठ घातलेलं.

"मंग?" काका म्हणाले. "आंब्याचा वास मला कळत नाय का गो?"

मी तिथेच ओट्यावर बसून हमसाहमशी रडले. काकांनी मला रडू दिलं आणि कामाला लागले. थंड पाणी, मीठ, पुन्हा थंड पाणी. उलट्या बाजूने, कडेकडून आत. बलकात चरबी असते म्हणून नंतर रिठ्याचं कोमट पाणी, पण ते अंडं पूर्ण गेल्यावरच. मला त्यांनी फडकं पिळायला लावलं. दोन तास आम्ही दोघं वाकून होतो आणि ते मला प्रत्येक गोष्ट शिकवत होते, जणू मी गुन्हेगार नसून काम शिकायला आलेली उमेदवार होते. दुपारी लेस सावलीत पालथी वाळत पडली तेव्हा ती नुकतीच विणून झाल्यासारखी दिसत होती. मी विचारलं, आता काकींना काय सांगायचं? काका म्हणाले, डाग काढायचा तो मी काढला. बाकीचं तुझं तू बघ.

म्हणजे मी गप्प बसू शकले असते. काका बोलणार नव्हते, हे नक्की. संध्याकाळी काकी आल्या, लेस मांडीवर घेतली, हाताने गोंजारली. मुरबाडला सगळ्यांना सांगून आल्या होत्या म्हणे, आमची भाडेकरीण सोन्यासारखी, देवाधर्माची, तिच्या हातून फोटो काढून घेतलेत. मला ते ऐकवेना. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. अंडं, पाव, टरफलं, अगरबत्त्या, आमरस, सगळं. एकही गोष्ट ठेवली नाही.

काकी उठल्या, डब्यातून कात्री आणि क्रोशाची सुई काढली, डोळ्याला चष्मा लावला. मला वाटलं, आता लेसच कापतात की काय.

"कुठल्या फुलावर पडलं ते दाखव," त्या म्हणाल्या. "तेवढं कापून काढते, नि नवीन घालते. बाकीच्यांची काय चूक?"

मी लेस उजेडात धरली. सातवी रांग होती, का आठवी? कडेपासून चौथं फूल, का पाचवं? मी एकेक फूल बघत गेले. सगळी सारखी. पालथी करून बघितली, वास घेऊन बघितला. मला सापडेना. सकाळी अर्धा तास ज्याच्याकडे बघून रडले, ते फूल मला सापडेना. आणि काकींना एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं, त्या नवीन फूल घालायला बसल्या तर चार रात्री जाणार होत्या.

शेवटी काकींनी काकांना हाक मारली. ते दारातच उभे होते, सगळं ऐकत.

"तुमी काढलात ना? कुठल्या फुलावर होता?"

काका पुढे आले. जाड बोटाने लेस जराशी उचलली. त्यांचं बोट आठव्या रांगेत, चौथ्या फुलावर येऊन टेकलं, अगदी क्षणभर, आणि ते मी बघितलं. मग ते बोट तिथून निघून कडेला गेलं.

"आठवत नाय गो," काका म्हणाले.

दहा वर्षांपूर्वीची कोयरी सांगणारा माणूस. काकींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत हा माणूस डागाबद्दल कधी खोटं बोलला नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? काका छताकडे बघत होते, कान लाल झाले होते. मग काकींनी कात्री डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

मला आणखी राहवेना. मी हळूच विचारलं, "काकी, खोली कधी सोडू?"

"येत्या रविवारी लग्नाला आमी सगळी मुरबाडला जाणार," काकी म्हणाल्या. "घराला कुलूप. तू एकटी हितं बसून काय करशील? तू पण चल. आता हात धू, नि हे टोक धर. घडी घालायची हाय."